बिबट्याच्या मापाचा खुंट

भगवंतरावांनी राजुरीच्या मळ्यातला उभा ऊस घालवला आणि पुन्हा फुटायला खोडवंही न ठेवता रान नांगरून टाकलं, तेव्हा बांधावरचे तिघं-चौघं चौकशीला आले. विहीर आटली का डोकं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. दोन्ही शाबूत होती. मुलाचं, आदेशचं, लग्न जमत नव्हतं.

आदेश एकतीस वर्षांचा, दूध संकलन केंद्रात फॅट तपासायच्या कामावर. पगार वेळेवर आणि व्यसन चहाचं. अशा मुलाला चार स्थळं आली आणि चारही पोहे खाऊन परत गेली. मुलगा पसंत होता, घरही पसंत होतं. घराच्या खिडकीतून दिसणारा ऊस पसंत नव्हता. उसात काय असतं हे जुन्नर तालुक्यात कोणाला सांगावं लागत नाही. चौथ्या स्थळाच्या मामानं तर सरळच विचारलं होतं, "आमची पोर सांजच्याला अंगणात भांडी घासाया बसली, तर घासून परत आत यील का? तेवढं सांगा." भगवंतराव खोटं बोलणारे नव्हते, त्यामुळे ते गप्प बसले.

कारण त्या मामापेक्षा भगवंतराव स्वतःच जास्त घाबरत होते. ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, कुशाबाईला, ठाऊक होती. दिवसाढवळ्या मोटर चालू करायला जाताना ते रेडिओ लावून जात आणि येताना मोठ्यानं स्वतःशीच भांडत येत, म्हणजे दोन माणसं आहेत असं वाटावं. आळे गावच्या चांभाराकडून त्यांनी खिळे उलटे ठोकलेला गळपट्टाही करून घेतला होता. बिबट्या मानेला धरतो म्हणून. वर मफलर गुंडाळत, म्हणून लोकांना वाटे, यांचा घसा कायमचा बसलाय.

पाचवं स्थळ आंबेगाव तालुक्यातलं आलं. मुलगी हर्षाली, बीएस्सी झालेली, आणि तिचे वडील सावळाराम गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. गुरुजींनी चहाला हात लावण्याआधी घराला एक प्रदक्षिणा घातली आणि येऊन गृहपाठ दिल्यासारखं सांगितलं, "भगवंतराव, मुलगा उत्तम आहे. माझी एकच अट. घराभोवती असं काही नको, ज्यात जनावर लपेल. ऊस नको. झाडं लावलीत तर उभ्या माणसाला पलीकडचं दिसलं पाहिजे. ते झालं की कळवा. मी स्वतः खात्री करीन."

भगवंतरावांनी आठवड्यात ऊस मोडला. आता मोकळ्या दोन एकरांत लावायचं काय, हा प्रश्न घेऊन ते आळेफाट्याच्या पलीकडे रखमाजीच्या नर्सरीत गेले.

"केसर आंबा लावा की," रखमाजी म्हणाला. "पण बुटक्या खुंटावरचं."

"म्हंजी?"

"आवो, कलमाला दोन झाडं असत्यात. वरची काडी केसरची, ती फळ देती. खाली मुळांचा खुंट दुसऱ्याच झाडाचा. झाड वाढवायचं किती, ते खालचा खुंट ठरिवतो. बुटका खुंट घेतला तर बारा वर्सांनीबी झाड पाच फुटांवर जात नाय. मधला घेतला तर धा. आन् आपल्या गावठी कोयीचा खुंट घेतला, तर मंग आभाळ."

ही माहिती भगवंतरावांनी घरी येऊन कुशाबाईला सांगितली.

"नाव वरच्याचं आन् चालतं खालच्याचं," कुशाबाई म्हणाली. "आपल्या घरावानीच की."

"पाच फुटाचा घिऊन टाकतो. गुरुजींचं काम झालं."

कुशाबाई शेंगा फोडत होती. ती वर न बघता म्हणाली, "घ्या. पण पाच फुटाच्या झाडाच्या फांद्या भुईला टेकत्यात. खाली गार सावली. बिबट्याला ओसरी बांधून दिल्यावानी व्हईल."

भगवंतरावांचा हात मफलरकडे गेला. "मंग मधला?"

"त्याच्यावर तो उडी मारून बसंल."

"आन् उंच?"

"उंचावर तर तो चढतोच. टीव्हीत न्हाई का बघितलं, शेळी घिऊन चढतो."

म्हणजे बिबट्याला न चालणारा खुंट अजून जन्माला यायचा होता. भगवंतरावांची दोन दिवस जेवणावरची वासना उडाली. पाच फुटी बाग लावली, गुरुजी खात्री करायला आले, खाली वाकले आणि खालून कोणीतरी त्यांच्याकडे बघितलं, हे चित्र त्यांना ताटातल्या आमटीतसुद्धा दिसे. तिसऱ्या दिवशी ते ठाम आवाजात म्हणाले, "माप घिऊन बघायचं. झाडं रखमाजीकडं हायत, तिन्ही खुंटावरची, बारा-बारा वर्सांची. फकस्त बिबट्या पायजे."

बिबट्या कुशाबाईनं केला. युरियाची दोन पोती, आत उसाचं पाचट, वरून पिवळी साडी आणि तिच्यावर जळक्या ऑइलचे ठिपके. शेपटीला ठिबकचा जुना पाइप. तोंड काढताना तिनं समोर नमुना म्हणून कोणाला धरलं होतं कोण जाणे, पण ते थेट भगवंतरावांच्या थोरल्या मेव्हण्यावर गेलं. काम इतकं हुबेहूब झालं की बिबट्या ओसरीवर ठेवल्यापासून भगवंतराव मागच्या दारानं ये-जा करू लागले.

रविवारी सकाळी तो चादरीत गुंडाळून मोटरसायकलवर घेतला. पुढे आदेश, मध्ये बिबट्या आणि मागे भगवंतराव. पडू नये म्हणून त्यांना त्याला मिठी मारून बसावं लागलं. सबंध रस्ताभर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आळेफाट्याच्या चौकात हवालदारानं शिट्टी मारली.

"तिघं बसलाय का रं? मधल्याला काय झालंय?"

"कायबी नाय सायेब," आदेश म्हणाला.

हवालदारानं चादरीचं टोक उचलून आत बघितलं. मग ते टोक हळूच जिथल्या तिथे ठेवलं आणि बराच वेळ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत राहिला. "जावा," तो म्हणाला.

रखमाजीनं बिबट्या बघून काही विचारलं नाही. नर्सरीच्या धंद्यात गिऱ्हाईक काय काय घेऊन येतं, हे त्याला पाठ झालं होतं. नर्सरीत आठ-दहा बाया पिशव्या भरत होत्या, आणि कुंपणाला लागून शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. कोयत्यांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मागच्या अंगाला नमुन्याच्या झाडांच्या तीन ओळी होत्या. भगवंतरावांनी हातभर अंतरावर खुणा केलेला वेळू आणला होता. मापं सुरू झाली.

पाच फुटी झाडाखाली बिबट्या ठेवला आणि दहा पावलांवर येऊन बघितलं. दिसेना. पाच पावलांवर आले तरी दिसेना. कुशाबाईचं बरोबर होतं, ओसरीच होती. दहा फुटी झाडाखाली ठेवला. खालच्या फांद्या कमरेएवढ्या छाटलेल्या होत्या, त्यामुळे बिबट्या ठिपक्यांसकट स्वच्छ दिसला. वर ठेवून बघितला, तर विरळ फांद्यांतून पंचवीस पावलांवरूनही शेपटीचा पाइप दिसत होता.

"हाच," भगवंतराव म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज एवढा मोकळा झाला नव्हता. "मधला खुंट, आन् खालून छाटणी."

"आबा, उंचाचंबी बघू या का, आलोच हाय तर," आदेश म्हणाला आणि गावठी खुंटावरच्या झाडावर चढला. तीस फुटी झाड, पानांचा नुसता डोंगर. बिबट्या मधल्या बेचक्यात बसवल्यावर भगवंतराव लांबून बघावं म्हणून चालत चालत फाटकापर्यंत आले आणि मागे वळले. तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली आणि आतून सावळाराम गुरुजी उतरले.

"अरे वा, भगवंतराव. मी म्हटलं, तुम्ही फोनवर सांगितलात तो बुटका खुंट म्हणजे नेमका किती बुटका, हे नर्सरीवाल्यालाच विचारावं. खात्री केलेली बरी."

व्याही व्हायचा माणूस पोत्याचा बिबट्या झाडावर चढवून बघतो, हे या गृहस्थाला कळलं की पाचवं स्थळही पोहे न खाताच जाणार होतं. भगवंतरावांनी गुरुजींच्या दंडाला धरून त्यांचं तोंड शेडकडे फिरवलं, आणि पाठीमागे नेलेल्या दुसऱ्या हातानं आदेशला खुणा केल्या. काढ, गुंडाळ, पळ. वीस वर्षं या हातानं बैल वळवले होते, पण मुलगा कधी वळला नव्हता. त्यामुळे आदेशला काही कळलं असेल अशी आशा त्यांनी धरली नाही.

शेडमध्ये रखमाजीनं चहा मागवला आणि गुरुजींना खुंट समजावून सांगायला घेतला. गुरुजी वहीत लिहून घेत होते. पंधरा-वीस मिनिटं बरी गेली. उसाच्या बाजूचा ट्रॅक्टरचा आवाज वाढला, कोणीतरी आरडाओरडा केला, कुत्री भुंकली. आणि मग पिशव्या भरणाऱ्या बाया एकदम शेडमध्ये घुसल्या आणि शेवटचीनं पत्र्याचं दार ओढून घेतलं.

"बिबट्या," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "उंच आंब्यावर. ह्या डोळ्यांनी बघितला."

गुरुजींच्या हातातली वही खाली पडली. "कुठं हाय? कुठं हाय त्यो?" छत्तीस वर्षांची प्रमाण भाषा एका क्षणात उतरून गेली. ते खतांच्या गोण्यांमागे जाऊन बसले आणि तिथूनच म्हणाले, "कडी लावा. दुसरीबी लावा."

भगवंतराव आणि रखमाजी यांनी एकमेकांकडे बघितलं. रखमाजी त्यांच्या कानाशी आला. "राव, तुमचं येडं जनावर उतरवा आधी. बाया आता घरी जात्याल, आन् उद्या पाच हजार कलमं भरून द्यायचीत मला."

"ह्यांच्या समोर कसं उतरवू? पोत्याचा हाय हे कळंल की."

"कळू द्या न्हाईतर नका देऊ. पण उतरवा."

भगवंतराव गोण्यांकडे बघत राहिले. गोण्यांमागे गुरुजींचं टक्कल थरथरत होतं. आणि त्या टकलाकडे बघता बघता भगवंतरावांना आयुष्यातली पहिली धाडसी कल्पना सुचली. आपण जायचं, झाडाखाली उभं राहायचं, चार शब्द दरडावून बोलायचे, आणि मग येऊन सांगायचं, गेला. नंतर आदेश गुपचूप उतरवील. गुरुजी एवढ्या लांबून काय बघणार. ते उठले, आपला वेळू घेतला आणि कडी काढली.

"भगवंतराव," गोण्यांमागून आवाज आला, "आवो, येडं झालात का?"

"बसा गुरुजी. आमाला सवय हाय," भगवंतराव म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून आलं, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

शेडच्या फटींतून दहा बाया, रखमाजी आणि अखेर गुरुजीसुद्धा बघू लागले. भगवंतराव रमतगमत, वेळू हलवत, तीन ओळी ओलांडून उंच झाडाखाली जाऊन थांबले. वर बघितलं. पानांच्या अंधारात पिवळं, ठिपक्यांचं अंग दिसत होतं. बेचक्यातच होतं, पण आदेशनं बसवलं होतं त्यापेक्षा जरा आडवं झालेलं. पाचट सरकलं असेल. त्यांनी बुंध्यावर वेळू आपटला.

"ए," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "लई झालं आता. उतर. लोकांची कामं खोळंबलीत. समजतंय का? का यिऊ वर?"

खिशातला फोन थरथरला. आदेश होता. भगवंतरावांनी घंटी वाजायच्या आत फोन कानाला लावला.

"आबा, तुमी हात हालवल्याव लगीच आलं मला ध्यानात," आदेश म्हणाला. मागे मोटरसायकलचा आवाज येत होता. "बिबट्या काढला, गुंडाळला, मागच्या वाटंनं निघालो. आता राजुरीत शिरतोय. गुरुजींना कायबी कळलं न्हाई ना?"

भगवंतरावांनी पुन्हा वर बघितलं.

"आबा? आईकू येतंय का? बिबट्या माझ्यासंगं हाय."

वर काहीतरी हललं. एक शेपूट फांदीवरून खाली आली, तिचं टोक आपोआप वर वळलं आणि पुन्हा सुटलं. ठिबकच्या पाइपला असं येत नाही. मग पानं बाजूला झाली आणि एक तोंड दिसलं. ते थोरल्या मेव्हण्यासारखं अजिबात नव्हतं.

पळावं असं भगवंतरावांच्या मनात आलं, पण निरोप पायांपर्यंत पोहोचेना. गळपट्टा घरी खुंटीला होता, कारण बिबट्याला मिठी मारून बसताना खिळ्यांनी पोतं फाटतं. मान उघडी होती. ती किती मोठी आहे, किती मऊ आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. वरून येणारा उग्र, ओल्या कुत्र्यासारखा वास त्यांच्या नाकात शिरत होता. बिबट्या त्यांच्याकडे बघत होता आणि ते बिबट्याकडे. उसातून ट्रॅक्टरनं हुसकावलेलं ते जनावरही पार भेदरलेलं होतं, पण हे त्या दोघांपैकी कोणी दुसऱ्याला सांगू शकत नव्हतं.

अशी किती मिनिटं गेली, यावर नंतर मतभेद झाले. बाया चार म्हणतात. गुरुजी पंधरा म्हणतात.

फोन आदेशनं कधीच ठेवला होता. वडील बोलत नाहीत म्हणून त्यानं काळजीनं पुन्हा लावला. थरथर थांबून घंटी वाजली. घरात कार्य व्हावं या इच्छेनं आदेशनंच वडिलांच्या फोनला लग्नाची सनई लावून ठेवली होती, आणि बाप शेतात असतो म्हणून आवाज पार मोठा केला होता. चौघड्यासकट सनई कडाडली. बिबट्यानं अंग आखडलं आणि उडी घेतली. भगवंतरावांच्या डोक्यावरून गरम वारा गेल्यासारखं झालं. मागे पाला खसखसला, कुंपण वाजलं आणि पलीकडच्या न तोडलेल्या उसात एक वाट पडत पडत लांब गेली.

भगवंतराव होते तसेच उभे राहिले, हात कानाशी, सनई वाजतेय.

सगळे धावत आले, तेव्हाही ते तसेच होते. त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं. तासभर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि गुरुजींनी तो तास त्यांच्या विनयाच्या खात्यावर मांडला.

"एक शब्द बोलत नाहीत बघा," ते बायांना सांगत होते. भाषा पुन्हा अंगात आली होती. "डोळ्याला डोळा भिडवून उभे राहिले. वर घरी फोन लावून बोलले. काय ती शांतता. शेवटी नुसती सनई ऐकवून घालवला."

भगवंतरावांनी नाही म्हणायला मान हलवली. ती थरथरत असल्यानं हो आणि नाही यांतलं अंतर राहिलं नाही.

गुरुजींनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "भगवंतराव, मी मूर्ख माणूस. ऊस काढा म्हटलं, झाडं मोजत बसलो. घरात कोण आहे हे बघायचं सोडून घराभोवती काय आहे ते बघत होतो. मुलगी दिली. तुळशीचं लग्न झालंच आहे, पहिल्या तिथीला उरकून टाकू."

आदेशचं जमलं होतं. भगवंतरावांना रडू आलं. ते बघून दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला.

"आणि हे बुटकं-बिटकं राहू द्या आता," गुरुजी रखमाजीकडे वळून म्हणाले. "ही झाडं तुम्हाआम्हा भित्र्या लोकांसाठी. यांच्या मळ्यात ती शोभायची नाहीत. आमच्या हर्षालीला लहानपणापासून मोठ्या आंब्याखाली झोका हवा होता. मीच भीतीनं अंगणातलं झाड तोडून टाकलं होतं. रखमाजी, दोन एकराची कलमं माझ्याकडून, लेकीचं आंदण म्हणून. गावठी खुंटावरची. सगळ्यात उंच व्हायची ती."

रखमाजीनं भगवंतरावांकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती, आणि हातात नोंदणीची वही.

"काय राव? उंचच लिहू ना?"

गुरुजींनी भगवंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला होता. समोर तो तीस फुटी आंबा उभा होता. पानांचा नुसता अंधार, आत काय आहे हे देवालाही दिसू नये असा.

भगवंतरावांना वाचा फुटली. तासाभरातला तो पहिला शब्द, म्हणून सगळे जवळ सरकले.

"रखमाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "आजच्याला कलम लावलं, तर त्याच्यावर जनावर बसंल एवढं व्हायाला किती वर्सं लागत्यात?"

"धा-बारा धरा."

भगवंतरावांनी मनातल्या मनात त्यात आपलं वय मिळवून बघितलं आणि एक लांब श्वास सोडला.

"लिही," ते म्हणाले. "पण येत्या जूनला नको. त्याच्या पुढल्या सालच्या जूनला लावू."